डोमाजींचं शेवटचं कडवं

माझ्या चोराला मीच म्हटलं, "दादा, माइक जरा खाली घेता का?"

त्याने घेतला. मान खाली घालून, अगदी हळुवारपणे. आणि मग अमरावतीच्या आमच्या लॉ कॉलेजच्या सभागृहात, भरल्या वादविवाद स्पर्धेत, मी त्याच्याच नावाने खडे फोडायला सुरुवात केली.

विषय होता, 'इंटरनेटवर सगळं सगळ्यांचं असतं का?' मुळीच नाही, असं माझं म्हणणं होतं आणि पुराव्याला घरचंच दुखणं होतं. माझे बाबा, डोमाजी, अकोटच्या एसटी आगारात मेकॅनिक. हाताला ग्रीस आणि ओठांवर गाणं. एप्रिलमध्ये अकोटच्या भीमजयंतीला मी त्यांचं 'शीक पोरी' गायले. महिना झाला नाही तोच ते 'वऱ्हाडी आवाज' नावाच्या चॅनलवर झळकलं. लाखो लोकांनी ऐकलं... पण शेवटचं कडवं कापून! आमच्याकडे गाणं लिहिणारा शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफतो. तीच त्याची सही. 'डोमा म्हणे, लिही पोरी, पाटीवरती नाव गं...' ते कडवं गेलं आणि बाबांचं नावही गेलं.

"शब्द लिहिणाऱ्याचे, आवाज गाणाऱ्याचा, असं कायदा सांगतो," मी टेबलावर हात आपटला. "आणि लिहिणाऱ्याचं नाव पुसायचा हक्क कोणालाच नाही. तो चोर आत्ता समोर असता ना—"

माइक एकदम किंचाळला. अख्खं सभागृह हसलं.

पहिलं बक्षीस मलाच मिळालं. बाहेर श्रावणाची भुरभुर चालू होती. ट्रॉफी डोक्यावर धरून मी निघाले, तोच मागून आवाज आला.

"मॅडम... थो चोर मीच हाय."

साऊंडवाला! खांद्यावर वायरीचं वेटोळं, भिजलेले केस आणि डोळे... हे डोळे मी कुठेतरी पाहिले होते.

"सुगत. अकोल्याचा. अकोटले साऊंड माहाच होता. तवा तोंडाले दुपट्टा बांधेल होता, म्हणून तुमी वयखलं नाई."

खरंच होतं ते. एप्रिलच्या उन्हात आमच्याकडे कोणाचा चेहरा दिसतो? डोळे तेवढे उघडे. माझी स्पर्धेतली शुद्ध मराठी त्या क्षणी कुठल्या कुठे पळाली.

"काहून कापलं कडवं?"

"आधी चहा घेऊ ना. चोराले बी आपली बाजू मांडाचा हक्क असते."

टपरीच्या पत्र्याखाली आम्ही उभे राहिलो. चहा फार गरम होता आणि जागा फार थोडी.

"रेकॉर्डिंग तं माहं हाय ना? मशीन माही, मेहनत माही."

"मूळ गाण्याची परवानगी घेतली होती? नाही ना? मग त्या रेकॉर्डिंगवर तुमचा हक्क चालत नाही."

"अन् तुमचा आवाज मी रोज ऐकतो, थो बी गुन्हा का?"

मी चहात बिस्किट बुडवलं आणि ते तळालाच गेलं. "विषय बदलू नका."

मग मी त्याला बाबांचं सांगितलं. आगारात जो तो मोबाइलवर 'शीक पोरी' लावायचा आणि बाबांनाच विचारायचा, 'भारी हाय, कोणं लिहिलं?' सुरुवातीला बाबा सांगायचे. लोक हसायचे. मग बाबांनी सांगणं सोडलं, गुणगुणणंही सोडलं. धम्मचक्र दिनासाठी नवं गाणं मागायला माणसं आली, तर बाबांनी हात जोडले. म्हणाले, 'ज्याचं नाव कापता येते, त्यानं लिहावं कशाले?' आमचं घर इतकं गप्प मी कधी पाहिलं नव्हतं.

सुगतच्या हातातला कप तसाच राहिला. "मले हे ठाऊक नव्हतं. शपथ. आजच थो व्हिडिओ काढून टाकतो."

"काढू नका. पूर्ण टाका. शेवटच्या कडव्यासकट."

"थे... थे नाई टाकता येत."

"काहून?"

"खासगी हाय."

"माह्या बाबांचं गाणं तुमचं खासगी?"

"खासगीपणा मूलभूत हक्क हाय, मॅडम. मघाशी मंचावर तुमीच बोलल्या."

मी कप आपटला. "नोटीस पाठवते!"

"पोस्टानं नका पाठवू," तो हळूच म्हणाला. "हातानं आणा ना."

आणि मी खरंच नेली! रविवारी, अकोल्याला, रेल्वेने. नोटीस द्यायला जाताना जांभळा कुर्ता घालू नये, असं कुठल्या कायद्यात लिहिलंय? मूर्तिजापूर येईपर्यंत मी रागावण्याचा सराव करत होते. मूर्तिजापूर गेल्यावर केस नीट करत होते.

त्याचं दुकान म्हणजे स्पीकरच्या भिंती आणि मध्ये एक स्टूल. त्याने नोटीस घेतली, न वाचता बाजूला ठेवली आणि माझ्या कानांवर हेडफोन चढवला.

माझाच आवाज. मग खडखड... आणि मला सगळं आठवलं. गाता गाता माइक स्टँडवरून घसरायला लागला होता. दुपट्टा बांधलेला एक मुलगा धावत आला, त्याने बुटाची नाडी काढली आणि तिनेच माइक बांधून टाकला. जाताना त्याचा सैल झालेला बूट पायातून निसटून मंचावरच राहिला आणि मला हसू फुटलं होतं. तेच हसू आता कानात खळखळलं. लगेच मी पुढे गायला लागले, 'डोमा म्हणे...' आणि नेमकं त्याच शब्दांवर, रेकॉर्डिंग मशीनच्या अगदी जवळून, धावत मशीनपाशी परतलेल्या त्याच मुलाचा धापा टाकणारा आवाज.

"मेलो रे बाप्पा! काय हसते ही!"

मी हेडफोन काढला. माझे गाल तापले होते. बाहेर चांगला वारा सुटला होता, तरीही.

"हे टाकलं असतं तं अख्ख्या वऱ्हाडाले समजलं असतं," सुगत वायरीशी बोलावं तसं बोलला.

"काय समजलं असतं?"

"...आता तुमाले समजलं ना."

समजलं होतं. आणि मला ते इतकं आवडलं होतं की भीतीच वाटली.

"तुमचं तेवढं वाक्य पुसा," मी कसंबसं म्हटलं.

"तुमच्या बाबांच्या नावावरच बसलं हाय थे. एक काढलं का दुसरं जाते."

"मग मी कडवं पुन्हा गाते."

"गा. आत्ताच लावतो. माही चूक हाय, नाव आलंच पाह्यजे." तो थांबला. "फक्त थे हसू पुन्हा नाई येणार."

मी नोटीस उचलून पर्समध्ये टाकली. "हे तुम्ही ठरवायचं नाही आणि मीही नाही. गाणं बाबांचं आहे. चला अकोटला."

सुगत पांढराफटक पडला. "हे... तुमच्या बाबांले ऐकवाचं?"

"चोराले बी बाजू मांडाचा हक्क असते ना?"

अकोटच्या बसमध्ये तो छोटा स्पीकर मांडीवर घट्ट धरून बसला. बाबा अंगणात हात धूत होते. त्याने 'जय भीम, काका' म्हणून आधी चूक कबूल केली, माफी मागितली आणि मग तो स्पीकर खाटेवर ठेवला. बाबांनी डोळे मिटून सगळं गाणं ऐकलं. खडखड. माझं हसू. 'मेलो रे बाप्पा.' त्याच्याच खाली त्यांचं नाव आणि मग अकोटच्या टाळ्या.

बाबांनी डोळे उघडले. "माह्या नावावर हा कोण मरून राहिला?"

"मी, काका."

"काहून?"

सुगतने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या बुटांकडे. "तुमची पोरगी हसली म्हणून," तो म्हणाला.

बाबांची मिशी आधी हलली, मग खांदे हलले.

"टाक पूरं," ते म्हणाले. "अन् खाली माहं नाव ठळक लिहिजो. गीत, डोमाजी. तुह्यं मरणं राहू दे तसंच. खरं हाय थे."

मग कितीतरी दिवसांनी बाबांनी खाटेच्या कडेवर बोटांनी ताल धरला आणि स्वतःच शेवटचं कडवं सुरू केलं. 'डोमा म्हणे'पर्यंत आले आणि थांबले. भुवई उंचावून सुगतकडे बघत राहिले.

सुगत लाल झाला. "मेलो रे बाप्पा..." तो कसाबसा पुटपुटला.

आणि मी हसले... अगदी तशीच.