साडेचार इंच

मी दात बनवतो. डेंटल लॅबमध्ये एकवीस वर्षं झाली. कवळ्या, कॅप, ब्रिज, सगळं. खोटे दात हा माझा धंदा आहे, पण पुढे सांगतोय त्यातलं एक अक्षरही खोटं नाही. ज्याला पटत नसेल त्याने इथेच थांबावं. कॉमेंटमध्ये येऊन अक्कल पाजळू नये.

आणि भूत म्हटलं की मध्यरात्र आणि करकरणारा दरवाजा हवाच असेल, तर तेही इथे मिळणार नाही.

जे झालं ते रविवारी झालं. दुपारी चारच्या सुमारास, लख्ख उजेडात. माझ्याच घराच्या मागच्या खोलीत.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. लग्न केलं नाही, दोन गल्ल्या सोडून एकटाच राहायचा. आम्हा दोघांना एकच वेड होतं. जुन्या लढाया. शिशाचे सैनिक आणायचे, बोटाच्या पेराएवढे. ते रंगवायचे, मोठ्या टेबलावर टेकड्या आणि नद्या मांडायच्या आणि दोनशे वर्षांपूर्वी झालेली लढाई फासे टाकून पुन्हा लढायची. कुणी किती पुढे सरकायचं ते इंचात ठरलेलं. पायदळ सहा इंच, घोडदळ बारा. माझी बायको याला ‘तुमची भातुकली’ म्हणायची.

घोडे दादा रंगवायचा. चेहरे मी, कारण दातांमुळे माझा हात बारीक कामाला बसलेला. दादाला एक घाणेरडी सवय होती. ब्रशला टोक यावं म्हणून तो ब्रश ओठांत धरून ओला करायचा. रंग पोटात जातो म्हणून मी कितीदा ओरडलो असेन. आता आतूनही रंगलोय, काय बिघडलं, असं म्हणून हसायचा.

त्याचा नियम एकच. टेप लावल्याशिवाय फौजेला हात लावायचा नाही. स्टीलचा टेप होता, बटण दाबलं की आत पळणारा. प्रत्येक चालीला सर्रर्र... खट्. अख्खी दुपार ते ऐकून बायकोचं डोकं उठायचं.

मार्चमधला दुसरा रविवार होता. मी हरत होतो, नेहमीसारखाच. माझे बारा घोडेस्वार दादाच्या तोफांसमोर उघडे पडले होते. पुढच्या चालीला त्यांचा भुगा होणार हे दिसत होतं. दादा चहा टाकायला आत गेला...

आणि माझी पाळी नसताना मी ते बाराही घोडे टेकडीआड सरकवले.

हाताने. टेप न लावता.

साडेचार इंच. नंतर मोजले, म्हणून माहीत. घाईत एका घोड्याचा कान टेकडीला घासला आणि रंगाचा टवका उडाला.

दादा कप घेऊन आला. टेबलाकडे बघितलं. मग माझ्याकडे.

“घोडे कुठे होते?”

“इथेच.”

“खरं सांग.”

“आईशपथ, इथेच होते.”

वर मी त्यालाच खोटारडा ठरवलं. नजर गेली तुझी, वय झालं, भास होतात तुला... तोंडाला येईल ते बोललो. दादाने ऐकून घेतलं. कप खाली ठेवला, हेल्मेट उचललं आणि गेला. घरी गेला नाही. गाडी घेऊन कुठे निघाला होता कुणास ठाऊक. पावणेसहाला हायवेच्या वळणावर त्याची स्कूटर ट्रकखाली गेली.

आई माझ्याकडेच राहते. तिने त्याला तडक जाताना पाहिलं होतं. काय झालं होतं, असं तिने दवाखान्यातच विचारलं.

“हरला. चिडून गेला,” मी म्हणालो.

त्या दिवसापासून आई मेलेल्या मुलावर चिडली. पन्नाशी गाठलेला माणूस, खेळण्यांपायी डोक्यात राख घालून गाडी हाकतो, आईचा विचार करत नाही, म्हणायची. त्याचा फोटो तिने कपाटात पालथा घालून ठेवला. कुणी त्याचं नाव काढलं की उठून जायची. एकदाही रडली नाही.

आणि मी गप्प. एक वाक्य बोललो असतो तर तिला तिचा मुलगा परत मिळाला असता. जीभच रेटेना. मला लाज वाटत होती, आणि आई माझं तोंड बघणार नाही याची भीती त्याहून जास्त वाटत होती.

तीन आठवडे मागची खोली बंद होती. चौथ्या रविवारी आवराआवर करायला मी ती उघडली.

टेबल होतं तसंच होतं. तोफा, पायदळ, नदी. फक्त...

घोडे टेकडीआड नव्हते.

मागे होते. आधी जिथे होते तिथे. उघड्यावर, तोफांसमोर.

बायकोला विचारलं. ती म्हणाली, तुमच्या भातुकलीला मी कशाला हात लावू? आई तर त्या खोलीत कधी पाऊलच टाकत नाही. मी टेप घेऊन मोजलं. साडेचार इंच, बरोब्बर.

शहाण्या माणसाने काय केलं असतं ते मला सांगू नका. मी घोडे पुन्हा टेकडीआड सरकवले. उघड्यावर राहू दिले असते तर कबूल केल्यासारखं झालं असतं. खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

पुढचा रविवार. बायको बहिणीकडे गेली होती. आई पुढच्या खोलीत पडली होती. मी पेपर चाळत बसलो होतो. चार वाजले असतील...

सर्रर्र...

खट्.

कुलूपबंद खोलीतून.

मी पेपर तसाच धरून बसलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पुन्हा आवाज नाही. शेवटी उठलो. किल्ली हातातून दोनदा कुलपाबाहेर घसरली. माझा हात, जो दाताच्या कडेवर केसाइतकी रेघ ओढतो.

घोडे मागे होते.

टेबलाच्या कडेला पाण्याचा ग्लास होता. महिनाभरात कोरडा पडायला हवा होता. त्यात तपकिरी पाणी होतं. शेजारी ब्रश...

ब्रशचं टोक ओलं होतं. सुईसारखं निमुळतं, ओठांत धरून केल्यासारखं.

मी त्या घोड्याचा कान बघितला. टवका उडालेला कान. तिथे रंग लागलेला होता. बोट लावलं तर बोटाला तपकिरी डाग पडला.

मी तिथेच खाली बसून रडलो. भीती वाटली, नाही असं नाही. पण मला रडू आलं ते वेगळ्याच गोष्टीचं. ज्याला मी खोटारडा म्हणालो, तो माझ्या घोड्याचा कान रंगवून गेला होता.

एवढं होऊनही मी आईकडे गेलो नाही. मी लॅबमधून सिमेंट आणलं.

दातावर कॅप बसवतात ते सिमेंट. एकदा धरलं की हातोडी घेतली तरी सुटत नाही, एकवीस वर्षांचा अनुभव आहे. बाराही घोड्यांच्या पायाखालच्या चकत्या मी टेकडीआड टेबलाला चिकटवून टाकल्या. आता सरकव म्हटलं. खरंच म्हटलं, मोठ्याने, रिकाम्या खोलीत उभा राहून.

पुढच्या रविवारी मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसलो. चार वाजले. काही नाही. सव्वाचार झाले. टेपचा आवाज नाही, कसलाच आवाज नाही. मला वाटलं, सुटलो. आणि मग...

टक्.

बारीक आवाज. पण मी तो ओळखतो. प्लास्टरच्या साच्यातला दात मुळाशी मोडताना होतो तो.

टक्.

टक्.

मी मोजत होतो. बारा झाले आणि थांबले.

दार उघडलं. बारा चकत्या टेकडीआड चिकटलेल्याच होत्या. रिकाम्या. त्यांच्यावर तुटलेल्या खुरांचे चमकणारे ठिपके.

घोडे साडेचार इंच मागे उभे होते. नुसत्या पायांवर.

चकतीशिवाय असा घोडा उभा राहत नाही. ज्यांच्याकडे असतील त्यांनी ठेवून बघा. एक ठेवला तर दुसरा ठेवेपर्यंत पहिला पडतो. इथे बारा उभे होते आणि तोंडं सगळ्यांची माझ्याकडे.

मी धावत आईच्या खोलीत गेलो. तिला उठवलं आणि सगळं सांगितलं. दादा हरत नव्हता, मी हरत होतो. त्याची पाठ वळताच मी घोडे सरकवले. तुझी खोटी शपथ घेतली. तो चिडला नव्हता गं, मीच त्याला नाही नाही ते बोललो.

पण तिथेही मी तो मीच.

“थोडेसेच सरकवले होते,” मी म्हणालो. “इंचभर असतील.”

आईने चष्मा लावला. उठली, भिंतीला धरत धरत मागच्या खोलीत गेली. पहिल्यांदाच. टेबलाला वळसा घालून दादा जिथे उभा राहायचा तिथे जाऊन उभी राहिली. घोड्यांकडे बघितलं, टेकडीकडे बघितलं. टेपला हात लावला नाही.

“साडेचार,” ती म्हणाली.

मी दारातच थांबलो.

“त्याला फसवलंस ते फसवलंस. मला नको फसवू.”

मग तिने कपाटातून फोटो काढला. हाताने पुसला आणि म्हणाली, “चुकलं रे बाळा माझं.” आणि रडायला लागली. दीड महिन्याचं सगळं रडली.

तिला कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही. आजपर्यंत विचारलेलं नाही.

त्यानंतर घोडे हलले नाहीत. टेबल तसंच आहे, आवरायची माझी हिंमत नाही. दर रविवारी चार वाजता आई त्या खोलीत जाऊन बसते. दार लावून घेते. बाहेर तिचा आवाज येतो. हळू बोलते. थांबते, कुणाचं ऐकत असल्यासारखी. मग हुंकार देते आणि पुन्हा बोलते. काय बोलते ते मी ऐकत नाही. तेवढा वेळ मी गच्चीत जाऊन उभा राहतो.

का, ते तुम्हाला सांगतो. आईला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. दादा गेला त्या दिवशी साडेपाचला माझा फोन वाजला होता. दादाचं नाव दिसत होतं. मी उचलला नाही. मागायची असेल तर त्यानेच माफी मागावी, असं तेव्हा वाटत होतं. फोन पुन्हा वाजला. मी वाजू दिला, बंद होईपर्यंत. रात्री दवाखान्यातून आल्यावर ते दोन्ही मिस्ड कॉल पुसून टाकले.

मागच्या रविवारी आई खोलीतून बाहेर आली ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“तुझा फोन कुठे आहे?” तिने विचारलं.

“चार्जिंगला लावलाय,” मी म्हणालो.

फोन माझ्या खिशात होता.