मालदीव जिंकले त्या संध्याकाळी

"आंधळा आहे काय हा लाइन्समन!"

मद्रासच्या तिरुवल्लिकेणीतल्या एका लॉजचा हॉल. तीस-चाळीस मालदिवी माणसं टीव्हीसमोर दाटीवाटीने बसलेली. आणि त्या गर्दीतून कुणीतरी खणखणीत मराठीत ओरडलं. मी दाराशी उभी होते. काही विचार करायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं, "आंधळा नाही. डावीकडचा बचावपटू मागे राहिला होता."

पुढच्या रांगेतला एक उंच मुलगा गर्रकन वळला. आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे... जणू बोलणारी दुसरीच कोणी असावी.

"तुम्ही मराठी?"

"होव." आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तंजावरची जुनी मराठी.

"होव?" तो हसला. "बखरीतून उठून आल्यासारखं बोलता की ओ!"

"आणि तुमच्या मराठीतून शिव्या वजा केल्या तर कितीशी उरते?"

त्याने लगेच सरकून बाकावर जागा केली. मी बसायला नको होतं. बसले.

जून महिना होता, दोन हजार आठ सालचा. मालदीव आणि श्रीलंकेत दक्षिण आशियाई देशांची फुटबॉल स्पर्धा चालू होती. आमच्या घरी टीव्हीवर चादर टाकलेली होती. फेब्रुवारीत अप्पा गेले, आणि आमच्यात वर्ष सरेपर्यंत घरात सण नाही, गाणं नाही, टीव्ही नाही. अप्पा बंदरात कारकून. पण शनिवार-रविवार मद्रासच्या लीग सामन्यांत रेफ्री. चाळीस वर्षं. घरातल्या भांडणातही ते आधी दोन्ही बाजूंचं ऐकून मगच हात वर करायचे.

या लॉजमध्ये उपचारासाठी आलेली मालदिवी कुटुंबं महिनोन्‌महिने राहतात. त्यांच्यासाठी मालकाने गच्चीवर मोठी डिश बसवून घेतली होती. कॉलेजच्या ग्रंथालयातून, माझ्या नोकरीवरून, मी त्याच गल्लीने घरी येते. त्या दिवशी आतून शिटी ऐकू आली, आणि पाय थांबले. एवढंच.

"अनय," तो म्हणाला. "कोल्हापूर. गुम्मिडिपूंडीला फाउंड्रीत असतो, आणि राहायला इथं पलीकडच्या मॅन्शनमध्ये, अकरा ब्रह्मचाऱ्यांत. तुमचं नाव?"

"महालक्ष्मी."

त्याने चक्क हात जोडले. "आमच्या गावच्या देवीचं नाव!"

"नमस्कार करू नका. मी नवसाला पावत नाही."

"बघू की," तो म्हणाला, आणि मी टीव्हीकडे पाहू लागले. समालोचन मालदीवच्या दिवेही भाषेत होतं. एक अक्षर कळत नव्हतं. तरी मी फार लक्षपूर्वक ऐकत राहिले.

"ऑफसाइडचं एवढं बारीक कुठं शिकलात?" त्याने थोड्या वेळाने विचारलं.

"वाचलंय."

खोटं बोलले. अप्पांचं नाव घेतलं असतं तर आवाज फुटला असता, आणि परक्या माणसासमोर मला ते नको होतं.

दोन दिवसांनी पुन्हा सामना होता. मी अम्माला सांगितलं, ग्रंथालयात मोजणी चालू आहे. अम्माने, राजसबाईने, माझ्या कपाळाकडे पाहिलं. घाईत टिकली जरा मोठी लागली होती.

लॉजमध्ये माझी जागा धरून ठेवलेली होती. बाकावर अनयचं हेल्मेट. शेजारी इब्राहिम काका. त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यावर पांढरी पट्टी. मोडक्या इंग्रजीत ते म्हणाले, "मी अर्धीच मॅच बघतो. भारताची बाजू दिसत नाही."

"काका, तुमचा झाकलेला डोळाच बरा आहे," अनय म्हणाला. "बघण्यासारखं काही नाही आमच्याकडं."

"काही नाही?" काकांनी उघड्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. अनयच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. माझ्याही झाल्या असाव्यात, आरसा नव्हता.

तो बोलत राहायचा. कोल्हापुरात पेठेपेठेचे संघ कसे असतात, सामना हरला की आठ दिवस दुसऱ्या पेठेतून जायची सोय कशी नसते, आईने त्याला एकदा विरुद्ध संघाच्या रंगाचा स्वेटर विणला म्हणून तो थंडीत कसा कुडकुडत शाळेत गेला. मी हसायचे. फेब्रुवारीनंतर मी हसलेच नव्हते, हे मला हसू आल्यावर कळायचं. मग घरी जाताना मनात यायचं... अप्पा जाऊन चार महिने झाले आणि मी हसते?

उपांत्य सामन्यात भूतानने भारताला जादा वेळेपर्यंत दमवलं. ऐन त्या वेळी वीज गेली. पंखे थांबले, हॉल काळोखात बुडाला, चाळीस माणसं एकदम ओरडली. मग हळूहळू शांतता. मला शेजारी त्याचा श्वास ऐकू येत होता. फाउंड्रीतल्या लोखंडाचा आणि साबणाचा वास.

"महालक्ष्मी," तो हळूच म्हणाला, "फायनल झाली की... तुम्ही येणार नाही ना इथं?"

"कशाला येईन?"

"तेच विचारतोय."

वीज आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला उत्तर द्यावं लागलं नाही.

पण उत्तर मला द्यायचंच होतं, आणि तेही दुसरीकडे. आमच्यात म्हणतात, बाप गेला की मुलीचं लग्न वर्षाच्या आत करावं. नाही तर तीन वर्षं थांबावं. तंजावरहून रत्नप्रभा आत्यांनी आपल्या मुलासाठी, संताजीसाठी, मला मागितलं होतं. आडी महिन्यात इकडे लग्नं होत नाहीत; तो लागायच्या आत मुहूर्त हवा, म्हणजे रविवारी होकार हवा. फायनल शनिवारी.

"बाळाजीच्या मनात होतं गे," अप्पांचं नाव घेऊन आत्या फोनवर म्हणाल्या होत्या. "आम्ही काय परके?"

संताजीत खोट काढायला जागा नव्हती. तो अप्पांचा भाचा. हसला की अप्पांसारखी डाव्या गालावर घडी पडते. आणि इकडे हा अनय... त्याच्याजवळ बसलं की अप्पांचा खेळ परत मिळतो. एकाचा चेहरा, एकाचा खेळ. मी कुणाकडे चालले होते, माणसाकडे की अप्पांच्या उरलेल्या तुकड्याकडे? रात्रभर पंख्याकडे बघून मला एवढंच कळलं की मला काही कळत नाही. इतकी पुस्तकं वाचून काय उपयोग झाला, कोण जाणे.

शनिवारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. फायनल कोलंबोत, भारत विरुद्ध मालदीव, आणि या लॉजमध्ये भारताचे आम्ही दोघंच. बायका लाल-हिरव्या ओढण्या घेऊन बसलेल्या. एका आजोबांना सलाइनच्या स्टँडसकट खाली आणलं होतं.

"आज हरलात तर चहा तुमच्याकडून," इब्राहिम काका म्हणाले.

"आणि जिंकलो तर?"

"तर तुम्ही लवकर पळा."

सामना रेंगाळला. गोल नाही, गोल नाही... आणि अगदी शेवटची काही मिनिटं उरली असताना मालदीवने गोल केला. हॉल उसळला. सलाइनचे आजोबा उभे राहिले.

"ऑफसाइड!" अनय बाकावर चढला. "ऑफसाइड होता की ओ!"

"नव्हता," मी म्हणाले.

"तुम्ही कुणाच्या बाजूच्या?"

"जे झालं त्याच्या."

"असं कुठं असतंय! ही रेफ्रींची जातच तसली. उन्हात फिरून डोकं गेलेलं, एकाला खेळता येत नाही म्हणून शिटी घेऊन—"

"माझे अप्पा रेफ्री होते."

तो बाकावरच थांबला. मग हळूहळू खाली उतरला. भोवती नाच चालू होता.

"होते?"

"फेब्रुवारीत गेले."

माझं सांत्वन करायला येणाऱ्यांची वाक्यं मला पाठ झाली होती. त्यातलं कुठलं येतं याची मी वाट पाहत होते. त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला.

"मी त्यांना लई शिव्या घातल्या असत्या," तो म्हणाला.

"घातल्या असत्या. आणि त्यांनी तुम्हाला पहिल्या दहा मिनिटांत मैदानाबाहेर काढलं असतं."

"मी गेलो नसतो."

"मग सामनाच थांबवला असता त्यांनी. हट्टी होते."

मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि पहिल्यांदाच यातलं काही लपवावंसं वाटलं नाही. अप्पांना हा मुलगा अजिबात आवडला नसता. बाकावर चढणारा, नियम न कळणारा, निशाण पाहायच्या आत निकाल देणारा. घरी आणला असता तर ते वर्तमानपत्र उघडून बसले असते. ही आवड अप्पांची नव्हती. ती त्यांच्याकडून आलेली नव्हती, त्यांच्यासाठी नव्हती... ती माझी एकटीची होती.

इब्राहिम काकांनी माझ्या हातावर खोबऱ्याची वडी ठेवली. सुतकी वर्षात गोड खाऊ नये म्हणतात. मी खाल्ली.

बाहेर समुद्राकडून वारा सुटला होता. गल्लीत अजून उजेड होता. मी मोबाइल काढला.

"कुणाला?" अनयने विचारलं.

"आत्यांना. उद्या होकार द्यायचा होता. त्यांच्या मुलासाठी."

त्याचा चेहरा असा झाला की मला त्याची दया आली. पण मी काही सांगितलं नाही. पलीकडे फोन उचलला गेला.

"आत्या, मी बोलते... संताजी चांगला आहे. मला भावासारखा आहे. नको म्हणते मी." खूप वेळ तिकडून आवाज येत राहिला. "होव. माहीत आहे मला. तीन वर्षं... थांबेन."

मी फोन बंद केला. तो भिंतीला टेकून उभा होता, हेल्मेट पोटाशी धरून.

"काय म्हणाल्या?"

"रडल्या."

"आणि घरी?"

"घरी अम्मा आहे. तिला आता जाऊन सांगायचंय. ती रडणार नाही, गप्प बसेल. ते जास्त कठीण."

"तीन वर्षं म्हणजे..." त्याने सुरुवात केली आणि सोडून दिली. "माझ्यासाठी नको म्हणालात का? तसं असलं तर सांगा. नसलं तरी सांगा. मला निम्मंशिम्मं कळत नाही."

"मला आत्ता एवढंच कळलंय, की तुम्हाला पाहायला मी येत होते. मॅच पाहायला नाही. बाकीचं अजून कळायचंय."

"तेवढं बास आहे," तो म्हणाला. आवाज जरा घोगरा होता, ओरडून असेल. "उरलेलं कळायला तीन वर्षं आहेत की."

आम्ही पाइक्रॉफ्ट्स रोडपर्यंत आलो. घर उजवीकडे, त्याचं मॅन्शन डावीकडे. तो डावीकडे वळला नाही.

"अम्मांसमोर मी येऊ?"

"आज नको."

"मग दारापर्यंत?"

मी विचार केला. गल्लीत सगळे ओळखीचे, सगळ्यांच्या ओट्यांवर माणसं बसलेली, आणि वर्ष सरायला आठ महिने.

"दारापर्यंत या," मी म्हणाले.