बजाबाईचं सूप

ये पोरी, दिव्याजवळ बस. सांगोल्याहून एवढ्या लांब आत्तीला भेटायला आलीस, बरं केलंस. तेवढा त्या सुपाला पाय लावू नको. का म्हणतीस? सांगते की.

मोठ्या दुष्काळाच्या पुढच्या सालची गोष्ट. बिड्यांची पानं-तंबाखू आणायला कारखान्यात निघाले, तर माझ्या सुपाला खाली हे भगदाड! शेजारची बजाबाई तवा नुकतीच वारलेली. तिचं सूप तिच्या दारामागं खिळ्याला लटकत हुतं. आमा बिडीवाल्या बायकांची रीत हाय, वळणारीण गेली की तिचं सूप मोडून चुलीत घालायचं. दुसरीनं मांडीवर घ्यायचं न्हाय. तिची सून मला म्हणली, "चंद्रव्वा मावशी, नगा घेऊ." मी म्हणले, "असलं घट्ट सूप जाळायला मला काय येड लागलंय?" आन घेऊन आले.

बजाबाई डावरी. या वट्ट्यावर मांडीला मांडी लावून आमी जन्मभर बिड्या वळल्या. तिला बोलायचा कंटाळा. ऊन डोक्यावर आलं की डाव्या करंगळीनं सुपाच्या काठावर टक टक करायची. म्हंजे, चल, ऊठ, भाकरी खाऊ. मी लगेच उठायची.

त्याच उन्हाळ्यात एका सकाळी मी उठले, आन डावा हात माझ्यासंगं उठलाच न्हाय. लकवा! गल्लीतल्या बाया लागल्या कुजबुजायला, घे म्हणावं अजून सूप. दवाखान्यातल्या डॉक्टरनं बरं समजावलं. म्हणला, "बाई, हात चांगलाय. डाव्या हाताला हुकूम जातो मेंदूच्या उजव्या बाजूनं, आणि रक्त अडलंय तिथंच. हुकूमच पोचत नाही, तर हात हलणार कसा? पण तुम्ही रोज हुकूम देत राहा. मेंदू कधीकधी दुसरी वाट काढतो."

तुझा बाप आला धावत. "अक्का, एका हातानं बिडी वळत न्हाय. ही खोली सोड, माज्याकडं चल. पुढच्या आठवड्यात न्यायला येतो." माझा भाऊ गुरुलिंग देवमाणूस हाय, पण मी भावजयीच्या दारात गोळा होऊन पडू? ह्या खोलीचं भाडं मी माझ्या दोन हातांनी भरलेलं. लई रडले त्या दिवशी. रागानं रडले.

मग रोज सूप मांडीवर घ्यायची, त्यात तो हात ठेवायची आन दरडावायची, "आंगठ्या, हल!" हात आपला भिजल्या चिंधीगत पडलेला.

एका दुपारी अशीच बसले हुते. गल्लीत चिटपाखरू न्हवतं. मागल्या आळीतले कापडाचे माग पण गप झालेले. एकदम मिश्रीचा वास आला. मी मिश्री लावत न्हाय, पोरी. बजाबाई लावायची.

आन हात हलला...

मी हुकूम दिलाच न्हवता. बोटांनी पान उचललं, तंबाखू भरली, बिडी वळली. पानाचं दुसरं टोक कुणीतरी धरलेलं, मला दिसत न्हवतं. दोरा डावीकडनं फिरला, डावऱ्या बाईचा फिरतो तसा. आदी मला हसूच आलं बघ, हात आला म्हणून! मग म्हणले, "थांब." थांबला न्हाय. "थांब म्हणते की..."

करंगळी सुपाच्या काठावर वाजली. टक टक.

चल, ऊठ.

आन माझे गुडघे आपसूक वर उठायला लागले गं. इतक्या वर्सांची सवय पायात मुरलेली. उठले असते तर कुटं गेले असते, ते मला कळलं. मग मात्र टाळकं सरकलं माझं. उजव्या हातानं पानं कापायची कात्री घेतली, टोक डाव्या मनगटावर टेकवलं.

"बजे," म्हणले, "तुज्यावर माझी माया हुती, अजून हाय. पण हा हात माझा हाय. मनगटापासनं तोडीन, पण तुला देणार न्हाय. आन मी येणार बी न्हाय!"

हात धपकन पडला. वास गेला. मी दम सोडला न्हाय. म्हणले, "आता माज्या हुकमानं. आंगठ्या, हल."

हलला. मुंगीएवढा, पण हलला.

तुझा बाप मला न्यायला आला, तवा मी त्याच्यापुढं एक बिडी वळून ठेवली. वेडीवाकडी हुती. तो डोळे पुसत एकटाच एष्टीनं परत गेला. पुढं चार बोटं पुरती आली. करंगळी तेवढी माझं ऐकत न्हाय. डॉक्टर म्हणतो, तिच्यात काय दोष न्हाय. पण दुपार झाली की वाजती, टक टक.

सूप जाळ म्हणतीस? का जाळू? मी कमावलंय ते.

काल मुद्दाम तो हात मांडीखाली दाबून बसले. पार मुंग्या येस्तवर दाबला. तरी सुपावर टक टक झालीच.

म्हणले, वाजव. मी उठत न्हाय.