उडत्या ताऱ्याचा लॅपटॉप

“हात लावू नकोस गं! ठसे उमटतात!” बाहुली किंचाळली.

टिटवीचं बोट हवेतच थांबलं. ठसे उमटतात म्हणे! ज्या लॅपटॉपसाठी दुकानाच्या काचेला नाक लावून ती शाळेतून येताना रोज उभी राहायची, त्यालाच आता हात लावायचा नाही? छोटासा, निळ्या पाठीचा, दप्तरात सहज मावेल असा. तिच्या साठवलेल्या पैशांत बाबांनी थोडी भर घातली की परवडेल, असं त्या दुकानात तेवढं एकच मॉडेल होतं. जेवताना ती त्याचं इतकं गुणगान गायची, की घरात सगळ्यांना ते पाठ झालं होतं. वरच्या मजल्यावरच्या काकांना तर इतकं पाठ झालं, की सुट्टी लागताच त्यांनी तोच उचलून आणला. आणि दिला कुणाला? आपल्या लाडक्या लेकीला, म्हणजे या बाहुलीला!

आता सांगा, कुणाच्या अंगाचा तिळपापड होणार नाही?

“शोध लावला मी आणि मिरवतेय ही!” टिटवी धाकट्या भावाच्या कानात पुटपुटली. या भावाला सगळे मुंगळा म्हणत, कारण ती जाईल तिथे तो चिकटून असायचा.

“मी ऐकलं हं!” बाहुलीने लॅपटॉप उचलून खिडकीपाशी धरला. “आणि हे बघा! पाठीवर तारा आहे! उजेडात तिरका धरला तरच दिसतो. स्पेशल आहे, स्पेशल!”

खरंच, निळ्या पाठीवर जरा गडद निळा, पुसटसा तारा होता.

“एक टोक आखूड आहे त्याचं,” शेजारचा प्रोफेसर चष्मा सावरत म्हणाला. प्रोफेसर होता सातवीतला, पण बोलायचा कॉलेजातल्यासारखा.

“म्हणजे उडता तारा!” बाहुलीने ठसक्यात सांगितलं. “रात्री मी याला उशाशीच घेऊन झोपते. चार्जिंगला लावून!”

झालं! टिटवीला आता त्या ताऱ्याचाही हेवा वाटू लागला. काहीतरी खोड काढायचीच, असं ठरवून ती टेबलासमोर बसली आणि टक लावून बघत राहिली. बाहुली मोठ्या ऐटीत टाइप करू लागली. टक् टक्, टक् टक्!

“डुलतोय!” टिटवी एकदम ओरडली.

“टेबल वाकडं आहे गं ते,” काकूंनी आतून सांगितलं.

“हो ना! हे बघ, खाली ठेवते,” म्हणत बाहुलीने तो फरशीवर ठेवला. मुंगळ्याला काय, तेवढंच निमित्त हवं होतं. त्याने कोपऱ्याला बोटाने टिचकी मारली आणि लॅपटॉप गर्रकन फिरला!

“भोवरा! भोवरा!” मुंगळा टाळ्या पिटू लागला.

“चला, निघा सगळे इथून!” बाहुलीने तिघांना बाहेर काढून धाडकन दार लावलं.

प्रोफेसर मात्र जिन्यात थबकला. “टिटवे, त्या लॅपटॉपचं पोट फुगलंय, म्हणून तो फिरला. आमच्या ताईच्या फोनची बॅटरी अशीच फुगली होती, मागचं झाकणच उचकटलं! दुरुस्तीवाला म्हणाला, अशी बॅटरी कधी पेट घेईल याचा नेम नाही. पण नव्या लॅपटॉपची कशी फुगेल?”

खरं सांगायचं, तर टिटवीला आनंद झाला. अगदी उकळ्या फुटल्या! बरं झालं! चांगली खोड मोडली! फुगू दे अजून, फुगून टम्म होऊ दे!

दोन पायऱ्या उतरेपर्यंत तो आनंद टिकला. मग तिला आठवली ती उशी. चार्जिंगला लावलेला लॅपटॉप आणि त्याला खेटून झोपलेली बाहुली. ती उलट्या पावली जिना चढली आणि दार वाजवून तिने सगळं सांगून टाकलं.

“असं मनात आणू नये बाळा,” काकू समजुतीने म्हणाल्या.

“अगं, खोकं फोडून नवाकोरा दिलाय मला!” काका हसले. “जळकुकडी कुठली!”

“तुला मिळाला नाही ना, म्हणून बोलतेस!” बाहुलीने फणकाऱ्याने मान उडवली.

टिटवीचा चेहरा लाल झाला. आरोप खोटा असता, तर ती कडाकडा भांडली असती. पण जळत तर ती होतीच! मग आता तिच्यावर विश्वास ठेवणार कोण?

“पुरावा हवा,” प्रोफेसर म्हणाला. “चला दुकानात. गिऱ्हाईक होऊन जायचं!”

दुकानदार एका कानाला फोन लावूनच हसला. “या या, छोटे शेठ! बजेट काय आपलं?”

“विद्यार्थ्याचं,” प्रोफेसर गंभीरपणे म्हणाला.

“मग हाच घ्या! छोटा, हलका आणि स्वस्त!” त्याने काचेकडे बोट दाखवलं. तिथे तसलाच निळा लॅपटॉप रस्त्याकडे पाठ करून अर्धवट उघडा उभा होता. चार्जर लावलेला, स्क्रीन चालू आणि त्यावर भर दुपारचं ऊन! मुंगळ्याने हात लावला आणि झटकन मागे घेतला. “आई गं! इस्त्रीसारखा तापलाय!”

“हा असाच चालू असतो का?” टिटवीने विचारलं.

“दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत! दुकानाची शोभा आहे ती.”

“मग सुट्टीआधी इथे होता तो कुठे गेला?”

“तो? तो... कंपनीत परत गेला,” असं म्हणून दुकानदार लगेच फोनवर बोलू लागला.

तेवढ्यात टिटवीने वाकून त्याच्या निळ्या पाठीकडे पाहिलं. तिथे किमतीचा पुठ्ठा चिकटवला होता. हा पुठ्ठा तिने रोज पाहिला होता, पण नजर असायची ती आकड्यावर. त्याचा आकार तिने आज पहिल्यांदाच पाहिला. तो तारा होता! आणि त्याचं एक टोक फाटून आखूड झालं होतं!

चेहऱ्यावर काही न दाखवता ती म्हणाली, “काका, हा पुठ्ठा नेऊ का? बाबांना किंमत दाखवते.”

“ने की! त्याला काय सोनं लागलंय? मी दुसरा कापीन.” दुकानदाराने स्वतःच्या हाताने पुठ्ठा सोडवून दिला!

तिघं जी धूम पळाली, ती थेट काकांच्या दारात. टिटवीने लॅपटॉप खिडकीपाशी धरून पुठ्ठा त्याच्या पाठीवर ठेवला. टोकाला टोक जुळलं, आखूड टोकसुद्धा!

“हा काचेतलाच आहे, काका! उन्हाने सगळी पाठ विटली, पुठ्ठ्याखालची तेवढी राहिली. आणि चार्जर लावून रोज तापत होता, म्हणून पोट फुगलं!”

काकांनी लॅपटॉप बंद केला, जपून उचलला आणि टिटवीच्या बाबांना हाक मारली. सगळी वरात निघाली दुकानात.

“पॅक पीस दिला होता साहेब! पोरांनीच रंगवला असेल तारा!” दुकानदार म्हणाला. घ्या! चोराच्या उलट्या बोंबा!

टिटवीने सगळ्या गिऱ्हाइकांसमोर पुठ्ठा जुळवून दाखवला. मग काकांनी लॅपटॉप हळूच काउंटरच्या सपाट काचेवर टेकवून एका बोटाने ढकलला. गर्रकन!

“नव्यात भोवरा फुकट मिळतो वाटतं?” मुंगळ्याने विचारलं आणि दुकानभर हशा पिकला.

दुकानदाराचा चेहरा उतरला. “चुकलं साहेब. मांडणीतला पीस खोक्यात घातला. बॅटरीचं ध्यानातच आलं नाही.”

“ध्यानात आलं नाही?” काका कडाडले. “माझी पोर याला उशाशी घेऊन झोपत होती!”

पैसे तर परत मिळालेच, शिवाय काचेतल्या नव्या पिसाचा चार्जर दुकानदाराने आपण होऊन उपटला. दुकानाच्या पायऱ्या उतरताना काका थांबले. “टिटवे, मी किंमत तेवढी पाहिली, वस्तू तू पाहिलीस. घारीची नजर आहे तुझी! आणि तुला नाही नाही ते बोललो, ते विसर.”

“नजर कसली काका, मी जळतच होते,” टिटवी मान खाली घालून म्हणाली. “खोड काढायलाच बसले होते.”

“असेल. पण खोड सापडल्यावर गप्प बसली नाहीस ना!” काकांनी तिच्या पाठीवर थाप मारली आणि बाबांची मान ताठ झाली.

पुढच्याच आठवड्यात टिटवीने दुसऱ्या दुकानातून लॅपटॉप निवडला. छोटा, राखाडी, दिसायला अगदीच साधा. पण तिने तो काउंटरवर ठेवून चारी कोपरे दाबून पाहिले, टिचकी मारून पाहिली. पठ्ठ्या जागचा हलला नाही!

घरी बाहुली दारातच घुटमळत होती. तिचा लॅपटॉप अजून यायचा होता. तिने टेबलाकडे पाहिलं, बोट पुढे केलं आणि पुन्हा मागे घेतलं. “मी... हात लावू?”

टिटवी याच क्षणाची वाट पाहत होती! बाहुलीचंच ते वाक्य अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. तिने तोंड उघडलं, बाहुलीच्या मागे घेतलेल्या बोटाकडे पाहिलं आणि खुर्ची बाजूला सरकवली.

“लाव की. ठसे पुसता येतात.”

बाहुली आनंदाने जी बसली, ती उठायचं नावच घेईना. टक् टक्, टक् टक्! आणि हो, टिटवीच्या पोटात पुन्हा थोडंसं दुखू लागलंच. मग तिने दुसरी खुर्ची ओढली आणि बाहुलीला खेटून बसली.