तिसऱ्या प्लगची तार

आनंदा त्या दिवशी बायकोला आणायला वाणगाव स्टेशनावर गेला, तो कंत्राटदाराची पिकअप घेऊन. तारापूरला वीज केंद्राचं बांधकाम जोरात होतं, गाड्यांना उसंत नव्हती. पण लढाईच्या काळातली ही खटारा गाडी दुसऱ्या कुणाला दाद देत नसे, म्हणून तिच्यावर आनंदाचा थोडा हक्क चाले.

खरं तर ती आधी शिवाजीची. दोघे साताऱ्याकडच्या एकाच गावचे, बांधकामावर एकाच खोपटात राहिलेले दोस्त. शिवाजी काविळीने गेला आणि गाडी आनंदाला मिळाली. वर्षाने शिवाजीची बायको साखरबाई, तीही पाट लावून आनंदाच्याच घरात आली. लोक म्हणाले, नशीब फळफळलं गड्याचं. फळफळलं खरं, पण त्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती. जिवंत नवरा घोरतो, पान थुंकतो, भाजी खारट झाली की ओरडतो. मेलेला काही चुकतच नाही! त्याच्यावर जळून जळून आनंदा अर्धा झाला होता.

साखरबाईच्या माणसांत एक रीत होती. पाट लागलेल्या बाईने अवसेला पहिल्या धन्याच्या आवडीचं रांधायचं, आणि त्यातला घास दुसऱ्याने आपल्या हाताने बाहेर ठेवायचा. गेल्या अवसेला तिने शेंगोळे केले. आनंदासाठी कधी केले नव्हते. लसणाचा वास खोपटात भरला आणि त्याचं डोकं फिरलं. घास घेऊन तो मागच्या बाजूला गेला आणि भिंतीआड उभा राहून स्वतःच खाऊन आला. चव अशी होती की त्याला रडू आलं.

दुसऱ्या सकाळपासून गाडी मिस मारायला लागली.

आज पुन्हा अवस. डहाणूला मावशीकडे जाऊन आलेली साखरबाई गाडीत डबा मांडीवर घेऊन बसली होती, आनंदापासून लांब, पार खिडकीला चिकटून. ती नेहमी तशीच बसे. दिवस कलला होता. खाजणावरून कुजक्या चिखलाचा वास येत होता आणि इंजिन भक् भक् भक् करून एक ठोका गाळत होतं. पुन्हा तीन ठोके, पुन्हा गाळलेला एक.

"त्येंच्या हातात अशी करत नव्हती," ती बाहेर बघत म्हणाली.

आनंदाने करकचून ब्रेक दाबला. "बस तू. बघतोच आता."

इंजिन चालूच ठेवून त्याने बॉनेट उघडलं. चारातला कुठला सिलेंडर मेलाय हे शोधायची सोपी युक्ती असते. एकेका प्लगची तार काढायची. चालत्या सिलेंडरची काढली तर इंजिन आणखी लंगडतं; मेलेल्याची काढली तर काहीच फरक पडत नाही. कोरडं फडकं हाताला गुंडाळून त्याने पहिली काढली. इंजिन लंगडलं. दुसरीलाही लंगडलं. चौथीलाही. तिसरी काढली, आणि आवाज होता तसाच राहिला.

त्याने इंजिन बंद करून तिसरा प्लग काढला. पेट्रोलने ओला होता. साखरबाईला चावी फिरवायला लावून पाहिलं, तर ठिणगीही निळी, कडक पडत होती. त्याने पहिल्याचा प्लग तिसऱ्यात घातला, तिसऱ्याचा पहिल्यात. पुन्हा चालू केलं. तारा काढून पाहिल्या, पुन्हा तिसराच मेलेला. सगळं पोचत होतं, तरी पेटत नव्हतं. कुणीतरी ताटावर बसून जेवायचं नाकारावं तसं.

साखरबाई खाली उतरून जवळ आली.

"अवं... मागल्या अवसेला घास ठेवला व्हता न्हवं?"

"ठेवला की."

"कुठं?"

आनंदा इंजिनात वाकला. तिने डबा उघडला. शेंगोळे. लसणाचा तोच वास.

"मग आज बी ठेवा," ती हळू म्हणाली, घास त्याच्या हातावर ठेवला आणि गाडीत जाऊन बसली.

आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. ताडांच्या झावळ्या मघापासून सळसळत होत्या, त्याही थांबल्या. आनंदाला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा रागच जास्त आला. बायको त्याची, गाडी त्याची, अजून याला काय हवंय? त्याने घास रस्त्याकडेच्या दगडावर आपटला.

"घे! ये आणि खा एकदाचा... गाडी तेवढी सोड."

लंगडत चालूच असलेल्या इंजिनाने गाळलेला ठोका पकडला. भक् भक् भक् भक्. एकही ठोका न गाळता, शिवाजीच्या वेळी चालायचं तसं. आनंदाला हायसं वाटलं. घाम पुसायला त्याने हात वर केला, आणि हातातल्या फडक्यात तिसऱ्या प्लगची तार दिसली. ती त्याने परत लावलीच नव्हती.

दगडाकडे न बघता त्याने बॉनेट पाडलं आणि धावत जाऊन गाडीत बसला. काही विचारायची हिंमत नव्हती. गाडी लोण्यासारखी पळू लागली. दांडीचा फाटा मागे पडला तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, की साखरबाई आज त्याला अगदी खेटून बसली आहे. खांद्याला खांदा. लग्नापासून तो ज्याची वाट बघत होता ते हेच. एवढ्या भीतीतही त्याच्या अंगावर गोड काटा आला.

पुढे चढ लागला. गिअर बदलायचा तर तिचा गुडघा मध्ये येत होता.

"साखर, जरा सरक की तिकडं... गिअर पडंना."

"कुठं सरकू?" ती म्हणाली. "जागा कुठं हाय?"

खिडकीच्या बाजूने तिने पदर डोक्यावर नीट ओढून घेतला, नव्या नवरीने घ्यावा तसा. तिच्या आवाजात भीती नव्हती. आनंदाला सगळ्यात जास्त तेच लागलं.