घरी नेलेले

अतिदक्षता विभागात बारा खाटा होत्या आणि त्या कुणाला द्यायच्या हे आता ‘मृत्युसूचक’ नावाचा संगणक-प्रोग्राम ठरवत होता. रुग्णाचं वय, पत्ता, रक्तदाब, तपासण्या एवढं घेऊन तो दर तासाला एक आकडा दाखवी: हा रुग्ण मरण्याची शक्यता शेकडा किती. ज्याचा आकडा मोठा, त्याला खाट. विभागप्रमुख डॉ. नलिनी उदगीरकर हिनंच हा नियम केला होता. पूर्वी खाटा वशिल्यानं मिळत, आणि आकड्याला कुणी वशिला लावू शकत नाही, एवढाच तिचा साधा हिशोब होता.

गुरुवारी सकाळी तिथल्याच एका खाटेवर असलेल्या तिच्या वडिलांचा, तात्यांचा, आकडा चार आला. वय एक्क्याऐंशी, लघवी बंद, रक्तदाब औषधांच्या जोरावर टिकलेला, आणि आकडा चार! बाहेर थांबलेल्या एका बाईंचा एकसष्ट होता. स्वतःच्या बापासाठी नियम वाकवला असं कुणी म्हणायला नको, म्हणून नलिनीनं तात्यांना खालच्या साध्या वॉर्डात हलवण्याच्या कागदावर सही केली. पण दुपार झाली तरी तो चार तिच्या डोक्यातून जाईना. ती उठून संख्याशास्त्रज्ञ इरफान तांबोळीच्या खोलीत गेली.

“चार कसा आला, इरफान?”

“मीही तेच शोधत होतो, मॅडम. सूचक आपल्याच अकरा वर्षांच्या फायली वाचून शिकलाय. त्यांत तात्यांसारखे रुग्ण बघितले. ऐंशीच्या आसपासचे, लांबच्या गावचे, मूत्रपिंडं थांबलेले. दोनशे बारा निघाले. मेले फक्त तीन.”

“शक्यच नाही. असे रुग्ण सहसा वाचत नाहीत.”

“वाचले असं मी कुठं म्हणतोय? इथं मेले नाहीत. बाकी दोनशे नऊ जणांच्या फायलीत शेवटची नोंद एकच आहे, ‘नातेवाइकांनी घरी नेले’. आपण फक्त इथले मृत्यू लिहितो. घरी नेलेला माणूस सूचकाच्या लेखी वाचला.”

उपाय संपले की नलिनी स्वतःच नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगत आली होती, “आता घरी न्या. आपल्या माणसांत जाऊ द्या.” त्यात तिला कधी वावगं वाटलं नव्हतं; लोक उलट पाया पडत. आणि सूचक मात्र त्यातून एवढंच शिकला होता, की म्हातारा जितका गेल्यात जमा, तितका सुरक्षित.

“पेरलं तेच उगवलं,” इरफान हळूच म्हणाला. “शहरातले लोक शेवटपर्यंत इथंच ठेवतात. थांबा, नुसता पत्ता बदलून बघू.”

त्यानं तात्यांच्या गावाऐवजी नलिनीच्या फ्लॅटचा पत्ता टाकला. चारचे एक्क्याण्णव झाले.

म्हणजे वाचण्याचे शेकडा नऊ तरी हातात होते. वर नुकतीच एक खाट मोकळी झाली होती. ती तात्यांसाठी ठेवायला सांगून नलिनी जवळजवळ धावतच खाली आली.

तात्यांच्या खाटेवरची चादर बदललेली होती.

“मॅडम, तुमच्या भावानं सही करून नेलं की तासाभरापूर्वी,” वॉर्डच्या सिस्टर म्हणाल्या. “मला वाटलं, तुम्हीच सांगितलं असेल.”

तिनं बळीरामला फोन लावला.

“अक्का, तात्याला खाली आनलं, कागदावर तुजीच सही. तूच हात टेकलेस म्हनल्यावर मी आनखी कुनाला इचारायचं? म्हनलं, आपल्या घरी तरी न्यावं.” मागून गाडीची घरघर येत होती. “वाटेतलं मुरूड बी आलं न्हाई गं. गाडीतच गेले.”

“बरं,” नलिनी म्हणाली. रडू येईल म्हणून ती जिन्यात थांबली. ते आलं नाही, आणि त्याची तिला लाज वाटली. मग ती वर जाऊन पुढचे रुग्ण तपासू लागली.

संध्याकाळी सूचकानं रोजच्याप्रमाणे दिवसाची भाकितं तपासून दाखवली. तात्यांच्या नावापुढे ‘भाकीत खरे’ अशी हिरवी खूण होती. त्यांच्यासारखे रुग्ण आता दोनशे तेरा झाले होते. मेलेले अजूनही तीनच.