आठ नंबर कुठे आहे?

पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला पहिल्याच दिवशी उशिरा पोचणारे दोघेच निघाले, आणि वर्गात जागाही दोनच उरल्या होत्या... शेवटच्या बाकावर, शेजारी-शेजारी. दोघांत चार्जिंगचा प्लग एक. तिने घाईघाईने पिन खुपसली, तर त्याची बोटं आधीच तिथे.

"घ्या, घ्या. माझा लॅपटॉप तसाही अर्धमेला आहे."

"मग त्यालाच आधी जगवा," ती म्हणाली, पण पिन काही काढली नाही. तो हसला. हसताना जरा जास्तच छान दिसला, हे तिला मुळीच आवडलं नाही.

विषय आधुनिक संख्याशास्त्राचा. वर्गातली सगळी मुलं पीएचडी करणारी, आपापले आकडे सोबत घेऊन आलेली. शिकवणाऱ्या बाईंचा खाक्याच वेगळा. शेजाऱ्याचे आकडे घ्यायचे आणि पाच दिवसांत त्याचा निष्कर्ष मोडून दाखवायचा. नाहीच मोडला, तर तो पक्का.

तो रोपांच्या वाढीवर काम करत होता, म्हणून जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो झाला झाडवाला. तिचा प्रबंध गुडघेदुखीच्या व्यायामांवर. तो तिला गुडघेबाई म्हणू लागला आणि ती रागावल्याचं नाटक करू लागली. संध्याकाळपर्यंत अहो-जाहो कधी गळून पडलं, ते दोघांनाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने तिच्या स्क्रीनवर बोट ठेवलं.

"सहा, सात, नऊ... आठ नंबर कुठे आहे?"

"गेला."

"आणि चौदा?"

"तोही. अरे, मध्येच सोडून गेले ते! माझे मार्गदर्शक सर म्हणाले, अर्धवट नोंदी साफ कर. केल्या. एकशे वीस रुग्णांमधले एकतीस."

"माझीही सतरा रोपं वाळली. तीही अशीच साफ केली असती ना, तर माझ्याइतकं हिरवंगार जंगल कोणाचंच नसतं."

तिला ते असं झोंबलं की ती लॅपटॉप मिटून तडक जिन्यात जाऊन बसली. मोठा आला शहाणा! पण खरा संताप त्याच्यावर नव्हताच. आठ नंबर तिला चांगलाच आठवत होता. शिवणकाम करणारी आजी, मशीनचं पायडल मारून गुडघे झिजलेली. "पोरी, तुझा व्यायाम केला की आणखीच कळा येतात गं," म्हणाली होती, आणि पुढच्या आठवड्यापासून आलीच नाही. तिचं दुखणं वाढत गेल्याची नोंद हिनेच केली होती. आणि हिनेच ती ओळ खोडली होती.

तो चहाचे दोन कप घेऊन आला. "चुकलं माझं. बोलायची पद्धत चुकली."

"पद्धतच? मुद्दा नाही?"

"नाही. मुद्दा बरोबर आहे," तो म्हणाला. नजर मात्र खाली घातली नाही.

असं तोंडावर खरं बोलणारा माणूस तिला बऱ्याच दिवसांत भेटला नव्हता. तिने कप घेतला. "ठीक आहे. मोड माझा निष्कर्ष. पण मोडायला मीही बसणार."

पुढचे दोन दिवस दोन डोकी एका स्क्रीनवर. मूळ फाइलमधून एकतीस जण परत आणले. ते का गेले, जाताना दुखणं किती होतं, हे धरून त्यांच्या गाळलेल्या जागा एकदा नाही, शंभर वेळा भरून पाहिल्या. त्याचं कोपर तिच्या कोपराला लागत होतं... आणि दोघांपैकी कोणीच ते बाजूला घेत नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. व्यायामाचा फायदा आधीच्या एक तृतीयांशावर आला होता. साठीपुढच्यांना तर त्रासच वाढला होता.

तिने लगेच सरांना फोन लावून हे सांगितलं. सर दुसऱ्या दिवशी सादरीकरण ऐकायला येणार होते.

"जुनाच तक्ता दाखव," सर म्हणाले. "नवा दाखवलास, तर प्रबंधावर माझी सही विसर."

चार वर्षांचं काम त्या एका सहीवर लटकलं होतं. झाडवाल्याचा चेहरा उतरला. "जुना दाखव," तो हळूच म्हणाला. "मी गप्प बसेन. तुझी चार वर्षं..."

"मी तुला आवडते म्हणून सांगतोयस हे?"

तो गडबडला. "हो... म्हणूनच."

"मग असा तू मला नाही आवडत. मला तो आठ नंबर विचारणारा हवाय."

त्याने लॅपटॉप तिच्याकडे सरकवला.

पाचव्या दिवशी सर पहिल्या रांगेत बसले होते. तिने नवा तक्ता लावला. "हा व्यायाम साठीपुढच्या माणसांना देऊ नये. आजवर मी उलट सांगत आले. ती चूक माझी, कारण एकतीस जणांना मी माझ्या हाताने खोडलं होतं." बाईंनी चष्मा काढून तक्ता पुन्हा एकदा नीट पाहिला आणि मान डोलावली. सर उठून बाहेर गेले.

सादरीकरण आटोपलं तेव्हा ते व्हरांड्यात उभेच होते. भोवती सगळा वर्ग. "सही विसर," ते म्हणाले, आणि झाडवाल्याकडे बोट दाखवलं. "याच्या नादी लागून चार वर्षांची माती केलीस."

तो काही बोलणार, एवढ्यात तिने त्याला हातानेच थांबवलं.

"सही तुमची आहे सर, ठेवा तुमच्याकडे. मी दुसरे मार्गदर्शक शोधेन. नाही मिळाले, तर आणखी चार वर्षं घालेन. पण ती माणसं पुन्हा खोडणार नाही. आणि आकडे मी माझे तपासले. कोणाच्या नादी लागून नाही."

मग तिने सगळ्यांदेखत झाडवाल्याचा हात हातात घेतला.

"नादी आत्ता लागतेय."